हात मेनूत गेला की कान सुटतो

एका मराठी कथावाचनाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे साफ करायला आलं होतं, साधारण तासाभराचं. वाचणाऱ्या बाईंचा आवाज सुरेख होता, पण माइक तोंडाच्या फार जवळ असल्यामुळे प्रत्येक वाक्याआधीचा श्वास शब्दाइतकाच मोठा ऐकू येत होता. श्वास पूर्ण कापला तर वाचन निर्जीव होतं, म्हणून तो ठेवायचा आणि फक्त दबका करायचा. आता एक श्वास दबका करायला काय काय करावं लागतं ते बघा. माउसने श्वासावर सिलेक्शन ओढायचं, मेनू उघडून दोन्ही टोकांना काप द्यायचा, मधला तुकडा निवडायचा, त्याचं व्हॉल्यूम खाली ओढायचं, सिलेक्शन काढायचं आणि पुढच्या श्वासाकडे जायचं. सरावलेल्या हातालाही यात आठेक सेकंद जातात. मिनिटाला दहा श्वास धरले तर तासाला ६०० झाले. म्हणजे ८० मिनिटं नुसत्या कापाकापीत.

या ८० मिनिटांचं मला तेवढं वाईट वाटत नाही. खरं नुकसान कानाचं होतं. श्वास किती खाली आणायचा हे ठरतं शेजारच्या शब्दाच्या आवाजावरून, आणि त्या शब्दाचा आवाज कानात अगदी थोडा वेळ टिकतो. हात मेनूकडे वळला की डोळे त्याच्यामागे जातात, मेनूतली अक्षरं वाचायला लागतात, आणि परत येईपर्यंत कानात काहीच उरलेलं नसतं. मग पुन्हा मागे जाऊन ऐकायचं. मिक्सिंग करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, पण आपण त्याला दमणूक म्हणतो आणि चहा घ्यायला उठतो. माझ्या मते शॉर्टकट शिकायचे ते यासाठी, की हाताने काम उरकावं आणि कान जिथे आहे तिथेच राहावा.

मी रीपर नावाचं रेकॉर्डिंग-एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, म्हणून उदाहरणं त्यातलीच देतो. एकेकाळी घरोघरी कॉम्प्युटरवर गाणी वाजवणारं विनॲम्प ज्यांनी लिहिलं, त्याच जस्टिन फ्रँकेल यांनी हे सॉफ्टवेअर सुरू केलं. ६० दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती किंवा लहान कामासाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे. पण माझ्यासाठी त्याचं सगळ्यात मोठं बळ हे, की आतलं जवळजवळ प्रत्येक काम आपल्या हाताच्या सोयीने नव्याने मांडता येतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सॉफ्टवेअर जे जे करू शकतं त्या प्रत्येक कामाला आत एक नाव आणि एक नंबर असतो. रीपरमध्ये याला ॲक्शन म्हणतात. कर्सर जिथे आहे तिथे तुकडा कापणं ही एक ॲक्शन, तिचा नंबर ४००१२. ट्रॅक म्यूट करणं ही दुसरी, सेव्ह करणं ही तिसरी. मेनूतली ओळ, टूलबारवरचं चित्र, कीबोर्डचं बटण, बाहेरून जोडलेला नॉब, पायाखालचं पेडल ही सगळी त्या एकाच खोलीत जायची वेगवेगळी दारं आहेत. मेनूचं दार कंपनीने लावून दिलेलं असतं. बाकीची दारं कुठे पाडायची हे आपण ठरवायचं.

रीपरमध्ये कीबोर्डवरचं प्रश्नचिन्ह दाबलं की या सगळ्या ॲक्शनची यादी उघडते. यादी प्रचंड आहे, हजारोंत. ती वाचायची नाही. वरच्या चौकटीत ‘स्प्लिट’ असं इंग्रजीत टाइप केलं की कापण्याच्या सगळ्या तऱ्हा समोर येतात. एकीवर क्लिक करायचं, खाली ‘ॲड’ म्हणायचं, हवं ते बटण दाबायचं. झालं, नवं दार तयार. ते बटण आधीच दुसऱ्या कामाला दिलेलं असेल तर रीपर तसं सांगतं, तेव्हा मात्र थांबून वाचा. आणि ‘फाइंड शॉर्टकट’ नावाचं बटणही तिथेच आहे. तुम्ही एखादं बटण दाबून दाखवायचं आणि ते सध्या काय करतं हे सॉफ्टवेअर सांगतं. चुकून काहीतरी दाबलं गेलं आणि पडद्यावर भलतंच घडलं, की मी पहिल्यांदा हेच बघतो.

कापायला ‘एस’, नव्या ट्रॅकसाठी कंट्रोल-टी, रेकॉर्डिंगला कंट्रोल-आर, वाजवायला-थांबवायला स्पेसबार ही बटणं आधीपासूनच दिलेली असतात. त्यांना हात लावू नका. दुसऱ्याच्या स्टुडिओत बसायची वेळ येते तेव्हा तीच उपयोगी पडतात.

आता श्वासाकडे परत. यादीच्या खिडकीतच ‘न्यू कस्टम ॲक्शन’ असा पर्याय आहे. तो उघडला की डावीकडे सगळ्या ॲक्शन आणि उजवीकडे रिकामी जागा दिसते. डावीकडून एकेक ॲक्शन ओढून उजवीकडे क्रमाने ठेवायची. माझी यादी अशी आहे. पहिली, टाइम सिलेक्शनच्या दोन्ही टोकांना काप दे. दुसरी, निवडलेलं सगळं सोडून दे. तिसरी, या ट्रॅकवर सिलेक्शनच्या आत जे आहे तेवढंच निवड. चौथी, निवडलेल्या तुकड्याचं व्हॉल्यूम एक डेसिबलने कमी कर, आणि ही ॲक्शन मी एकाखाली एक दहा वेळा ठेवली आहे, म्हणजे एकूण दहा डेसिबल. शेवटची, टाइम सिलेक्शन काढून टाक. या सगळ्याला ‘श्वास’ असं नाव दिलं आणि एक बटण दिलं.

इथे एक बारीक खूण आहे ती चुकवू नका. त्याच खिडकीत ‘कन्सॉलिडेट अनडू पॉइंट्स’ अशी चौकट असते. तिच्यावर खूण असेल तर हे चौदा टप्पे अनडूच्या दृष्टीने एकच काम ठरतात, कंट्रोल-झेड एकदा दाबलं की श्वास जसा होता तसा परत. खूण नसेल तर एक श्वास परत आणायला कंट्रोल-झेड पुन्हा पुन्हा दाबावं लागतं आणि कुठवर आलो ते कळत नाही.

आता काम असं चालतं. डावा हात बटणावर, उजवा माउसवर. श्वासावर ओढलं, बटण दाबलं, पुढे. दोन सेकंद. ६०० श्वासांची २० मिनिटं. आणि आवाज थांबवायची गरज पडत नाही, वाचन चालूच राहतं, मी त्या बाईंच्या लयीत असतो. एक श्वास जास्त दबला असेल तर तिथल्या तिथे कळतं.

हे बनवायला मला पंधरा मिनिटं लागली. पण त्याआधी तेच काम मी कित्येक महिने माउसने करत होतो, कारण आपण काय काय पुन्हा पुन्हा करतो हे आपल्यालाच दिसत नाही. म्हणून माझं सांगणं आहे, इंटरनेटवरच्या शंभर शॉर्टकटच्या याद्या पाठ करायला बसू नका. एक दिवस काम करताना शेजारी कागद ठेवा. हात मेनूकडे गेला की कशासाठी गेला ते एका शब्दात लिहा, पुन्हा त्याच कामासाठी गेला की त्याच्यापुढे एक रेघ मारा. संध्याकाळी ज्या चार-पाच शब्दांपुढे रेघांची गर्दी झाली असेल, तेवढीच कामं तुमची. बँडचं मिक्सिंग करणाऱ्याची यादी वेगळी निघेल, जाहिरातींचे आवाज कापणाऱ्याची वेगळी. त्यातली दोन या आठवड्यात, दोन पुढच्या. हाताला नवी जागा सापडायला तेवढे दिवस लागतातच, पेटी शिकताना बोटं जशी पट्टीवर बसतात तशीच.

माझ्या कागदावर सगळ्यात जास्त रेघा पडल्या होत्या त्या ‘सम शोधली’ या दोन शब्दांपुढे. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी याचा विचार केलेला नाही, आपल्यालाच करावा लागतो.

या सगळ्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर उभ्या रेघांची जाळी असते. ठरावीक वेगाचा क्लिक कानात घेऊन वाजवलेल्या संगीतासाठी ती जाळी बरोबर बसते. ख्याल किंवा अभंग क्लिकवर गात नाहीत. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन संपायला पाऊण मिनिट सहज लागतं, आणि प्रत्येक आवर्तन घड्याळात मोजलं तर थोडं कमीजास्त भरतं. अभंगाची लय तर गजराकडे जाताना चढतच जाते. त्यामुळे जाळी निरुपयोगी, आणि दोन टेकमधली, म्हणजे त्याच गाण्याच्या दोन वेळच्या रेकॉर्डिंगमधली, आवर्तनं जोडायची तर कुठली सम कुठे आहे हे प्रत्येक वेळी ऐकून शोधायचं.

उपाय आपल्या हातातच होता. ताल ऐकताना सम आली की ऐकणाऱ्याचा हात आपोआप मांडीवर पडतो. तो हात मांडीऐवजी ‘एम’ या बटणावर पडू द्यायचा. रीपरमध्ये वाजत असताना एम दाबलं की त्या क्षणी टाइमलाइनवर मार्कर लागतो. बंदिश पहिल्यांदा पूर्ण ऐकायची तेव्हाच, काहीही न थांबवता, प्रत्येक समेला एम. वीस मिनिटांचं गायन संपतं तेव्हा सगळ्या समा पडद्यावर लागलेल्या असतात. मार्कर तबल्याच्या ‘धा’च्या किंचित मागेपुढे पडतो, त्याने अडत नाही, कारण तो कापायची खूण म्हणून लावलेला नसतो, तिथे पोचायची खूण म्हणून असतो. चौकोनी कंसाची दोन बटणं आहेत, एक मागच्या मार्करवर नेतं, दुसरं पुढच्या. आता दुसऱ्या टेकमधली पाचवी सम ऐकायची तर त्या टेकच्या सुरुवातीपासून कंस पाच वेळा दाबला की झालं. खास जागेला नाव द्यायचं असेल तर शिफ्ट-एम. मी ‘तिहाई’, ‘अंतरा’, ‘खोकला’ अशी नावं देतो.

प्रत्यक्ष कात्री मात्र समेवर चालवू नका. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा तुकडा, समेच्या आधी उचललेला असतो, समेवर कापलं तर मुखडा एका टेकचा आणि सम दुसऱ्या टेकची असं होतं आणि ऐकणाऱ्याला काय खटकलं ते सांगता आलं नाही तरी खटकतंच. मी समेवर उडी मारतो, तिथून मागे सरकत मुखड्याच्या आधीची मोकळी जागा शोधतो आणि मग ‘एस’.

आता बटणांवरून नॉब आणि फेडरकडे, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या पट्ट्यांकडे. बटण ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतं. आवाज किती, रिव्हर्ब म्हणजे घुमारा किती, हे सांगायला बटण अपुरं पडतं आणि माउसने पडद्यावरचा गोल नॉब फिरवणं हे तर विचित्रच काम आहे, वरखाली सरळ ओढायचं आणि चित्र गोल फिरतं. म्हणून लोक यूएसबीचे छोटे कंट्रोलर घेतात. कॉर्गच्या नॅनोकंट्रोल-२ वर आठ फेडर, आठ नॉब आणि बटणांच्या रांगा असतात.

ते चालतं कसं? फेडर हलला की तो कॉम्प्युटरला आवाज पाठवत नाही, एक छोटा निरोप पाठवतो: ‘कंट्रोल नंबर अमुक, किंमत तमुक.’ ही मिडीची भाषा. १९८३ साली दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, पहिल्यांदा जाहीरपणे एकमेकांना जोडून दाखवले गेले तेव्हापासून ती चालत आली आहे. त्यात किंमत ० पासून १२७ पर्यंतच असते, म्हणजे एकूण १२८ पायऱ्या. व्हॉल्यूमला ७ नंबर, पॅनला (आवाज डावीकडे की उजवीकडे) १०, पियानोच्या सस्टेन पेडलला ६४ असे काही नंबर ठरलेले आहेत, बाकी आपण आपल्याला हवे तिथे जोडायचे. १२८ पायऱ्या बहुतेक कामांना पुरतात. फिल्टर हळूहळू उघडत न्यायचा असेल तेव्हा मात्र पायऱ्या ऐकू येऊ शकतात.

जोडणं सोपं आहे. रीपरच्या सेटिंगमध्ये त्या कंट्रोलरला ‘कंट्रोल’साठी परवानगी द्यायची. मग प्लगइनमधला, म्हणजे आवाजावर काम करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमधला, हवा तो नॉब माउसने जरासा हलवायचा, वरच्या ‘पॅरम’ बटणातून ‘लर्न’ निवडायचं आणि हातातला खरा नॉब फिरवायचा. दोघांची ओळख झाली. त्याच चौकटीत ‘प्लगइन समोर उघडं असेल तरच’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तो निवडला की तेच आठ नॉब इक्वलायझर उघडलं की इक्वलायझरचे, कंप्रेसर उघडला की कंप्रेसरचे. मी पहिला नॉब नेहमी ‘किती’साठी ठेवतो आणि आठवा ‘एकूण आवाजा’साठी, कुठलंही प्लगइन असो.

आणि एक धोका. साध्या फेडरला पडद्यावर काय आहे हे माहीत नसतं. पडद्यावर तानपुऱ्याचा आवाज अगदी खाली आहे, पण तुमच्या टेबलावरचा फेडर मागच्या कामात वर राहिला आहे. तुम्ही त्याला नुसता धक्का लावलात की तो निरोप पाठवतो, ‘किंमत १२०’, आणि आवाज एका क्षणात तिथे पोचतो. हे माझ्याकडून एकदा झालं आहे. गायिका डोळे मिटून आलापीत होत्या, आणि त्यांच्या हेडफोनमध्ये तानपुरा एकदम अंगावर आला. त्या दचकल्या, टेक गेला, आणि त्या संध्याकाळी तो आलाप पुन्हा तसा आला नाही. आजही ते रेकॉर्डिंग ऐकलं की त्या जागेपाशी माझ्या पोटात गोळा येतो.

यावर तीन उपाय आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे लर्नच्या चौकटीतली ‘सॉफ्ट टेकओव्हर’ ही खूण. ती केली की फेडर हलवला तरी पडद्यावर काही घडत नाही, तो फिरत फिरत पडद्यावरच्या जागेवर येऊन पोचला की मगच सूत्रं हातात घेतो. दुसरा उपाय न थांबता गोल फिरणारे नॉब. ते ‘किंमत अमुक’ असं सांगतच नाहीत, ‘थोडं वर’, ‘थोडं खाली’ एवढंच सांगतात, म्हणून उडी मारायचा प्रश्नच येत नाही. तिसरा आणि महाग उपाय मोटर लावलेले फेडर, जे पडद्यावरचा आकडा बदलला की स्वतःच सरकून जागेवर जातात. घरगुती स्टुडिओला पहिला उपाय पुरतो, फक्त तो प्रत्येक नॉबला आठवणीने लावावा लागतो.

एकट्याने रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी पेडल ही फार कामाची वस्तू आहे. पेटी वाजवताना एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, रेकॉर्डचं बटण दाबायचं कशाने? मिडी कीबोर्डला लागणारं साधं सस्टेन पेडल ६४ नंबरचा निरोप पाठवतं. तोच निरोप ॲक्शनच्या यादीत रेकॉर्डला जोडता येतो, अगदी कीबोर्डचं बटण जोडतो तसाच, ‘ॲड’ म्हणून पेडल दाबायचं. गायक-वादक स्वतःच रेकॉर्ड करतात तेव्हा उठून कॉम्प्युटरपर्यंत जाण्यात बैठक मोडते, ती पेडलने मोडत नाही.

फार पैसे घालायचे नसतील आणि लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा भाग नसेल, तर काही शे रुपयांत मिळणारं यूएसबीचं आकड्यांचं पॅड घ्या. वरच्या रांगेतला १ आणि पॅडवरचा १ ही रीपरला दोन वेगळी बटणं दिसतात, त्यामुळे पॅडच्या बटणांना तुम्ही वेगळी कामं देऊ शकता. माझ्या पॅडवर रंगीत टिकल्या चिकटवल्या आहेत: हिरवी ऐकायची, पिवळी श्वासाची, लाल कुठेच नाही, कारण पुसून टाकणारं काम मी पॅडवर ठेवलेलंच नाही. घाईत बोट शेजारच्या बटणावर पडतं, तेव्हा शेजारी काय आहे हे महत्त्वाचं असतं.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी काय करायचं? तत्त्व तेच, दारं वेगळी. एबलटन लाइव्हमध्ये कंट्रोल-के ने बटणं जोडायची आणि कंट्रोल-एम ने नॉब, मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. लॉजिकमध्ये ऑप्शन-के दाबलं की सगळ्या शॉर्टकटची यादी. क्युबेसमध्ये मॅक्रो, म्हणजे एकामागून एक कामांची साखळी, बनवता येतात. एफएल स्टुडिओत नॉबवर राइट क्लिक करून ‘लिंक टू कंट्रोलर’. प्रो टूल्समध्ये एडिट खिडकीच्या कोपऱ्यातलं ए-झेड असं लिहिलेलं छोटं बटण चालू करा, मग नुसतं ‘बी’ दाबलं की कापतं, ‘एफ’ने क्रॉसफेड (एक आवाज मावळत दुसरा उगवतो तो जोड), ‘ए’ आणि ‘एस’ने डावीउजवीकडचा भाग छाटला जातो. कित्येक जण वर्षानुवर्षं प्रो टूल्स वापरतात आणि ते बटण बंदच असतं.

दोन अडचणी हमखास येतात, त्या सांगून ठेवतो. रीपरमध्ये मुख्य खिडकीची आणि मिडी एडिटरची ॲक्शन यादी वेगळी असते. काल बनवलेलं बटण आज चालत नाही असं वाटलं तर आधी बघा, तुम्ही कुठल्या खिडकीत आहात. दुसरी खास आपल्याकडची. ट्रॅकला ‘हार्मोनियम’, ‘बायाँ’ अशी नावं देवनागरीत टाइप केल्यावर मराठी टायपिंग चालूच राहतं, आणि मग एस किंवा एम दाबलं तर काही वेळा ते सॉफ्टवेअरपर्यंत पोचतच नाही. भाषा परत इंग्रजी केली की सुरळीत.

सगळं मनासारखं जुळलं की यादीच्या खिडकीतल्या ‘की मॅप’मधून एक्सपोर्ट करून ती छोटी फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. कॉम्प्युटर बदलला, फॉरमॅट करावा लागला, मित्राच्या स्टुडिओत बसलात, तर तुमचे हात तुमच्याबरोबर जातात.

‘श्वास’चं बटण मी गायनावर मात्र वापरत नाही. कथावाचनात दहा डेसिबल खाली गेलेला श्वास कुणाला जाणवत नाही. गाण्यात, विशेषतः अंतऱ्याच्या आधी तार सा घ्यायला गायक जो श्वास भरतो, तो दाबला तर पुढचा सा कुठून आला तेच कळत नाही. गायनासाठी मी वेगळं बटण केलं, त्यात व्हॉल्यूम कमी करणारी ॲक्शन दहाऐवजी तीन वेळा आहे. आणि विलंबित ख्यालाची फाइल उघडली की तेही नाही. तिथे एकेक श्वास ऐकतो, आणि बहुतेक जागी हात न लावता पुढे जातो.